‘आराम पडणे’ : हृदयविकारानंतरच्या चालण्याचा इतिहास

गोंदिया-भंडाऱ्याकडे ‘पुनर्वसन’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरण येते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ साली झाले, आणि त्यानंतरच्या दशकांत मोर्च्यांचे फलक, तहसील कचेरीच्या नोटिसा आणि पारावरच्या गप्पा यांतून हा संस्कृत शब्द इकडच्या बोलण्यात इतका मुरला की शाळेचे तोंड न पाहिलेली म्हातारी माणसेही तो अचूक वापरतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेही पुनर्वसनच. जुने गाव गेले, नव्या जागेचा कागद मिळाला, इथवर सरकारी अर्थ संपतो. कागद मिळालेला माणूस त्या जागी खरोखर वसला का, हा प्रश्न त्या शब्दात असतो, नोटिशीत नसतो.

वैद्यकात हाच शब्द हृदयाला लावतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर किंवा हृदयावर शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाला मोजून-मापून वाढवलेला व्यायाम, आहार, तंबाखूपासून सुटका, औषधांची शिस्त आणि मनाचा आधार देत पुन्हा कामाधंद्यात आणून सोडायचे, या सगळ्याला मिळून ‘हृदय-पुनर्वसन’ म्हणतात. आम्ही दोघे मराठी शिकवणारी माणसे. शब्दाच्या पाठीमागे लागणे ही आमची सवय, क्वचित खोडही. हा शब्द मात्र आम्हाला कोशात भेटला नाही. तो भेटला एका रुग्णालयाच्या फाइलीत, आणि तोही फार उशिरा.

आमच्यापैकी एकाचे काका गोरेगाव तालुक्यात धानाची शेती करीत. २०१४ सालच्या हिवाळ्यात, चुरणीचे दिवस असताना, त्यांच्या छातीत कळ आली. गोंदियाहून नागपूर, नागपुरात तपासणी, आणि आठवड्याभरात बायपास. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांपासून सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना) २०१३ च्या अखेरीस उरलेल्या जिल्ह्यांत आली होती. त्यामुळे बांधी विकावी लागली नाही. दहा वर्षे आधी हाच प्रसंग आला असता तर तो गोंदियातच संपला असता, असे घरातले सगळे म्हणत, आणि ते खरेच होते.

निघताना आम्ही विचारले, आता पुढे काय? “आराम करू द्या,” असे उत्तर मिळाले. बोलणाऱ्याच्या मनात काय असेल ते असो; आम्ही तो निरोप घरी जसाच्या तसा पोचवला आणि घराने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. ओसरीत बाज टाकली. काकांचे हातपाय धुण्याचे पाणी बाजेपाशी, जेवण बाजेपाशी. गाव भेटायला येई, बाजेभोवती बसे, आणि भेटायला आलेल्या माणसांपुढे आजाऱ्याने पडूनच असावे लागते. एकदा त्यांना म्हटले, जरा देवळापर्यंत जाऊन येऊ. ते म्हणाले, “बिमार मानूस गावभर हिंडते का जी?” एकसष्ट वर्षांच्या, आयुष्यभर चिखलात राबलेल्या त्या माणसाच्या पोटऱ्या सहा महिन्यांत हातासारख्या झाल्या. पुढची रोवणी आली. ती त्यांनी बाजेवरून ऐकली. शेत ठेक्याने गेले ते पुन्हा हाती आले नाही. २०१७ च्या पावसाळ्यात ते न्यूमोनियाने गेले.

दिवस-पाणी आटोपल्यावर पत्र्याच्या पेटीतून फाइल निघाली. तिच्यातली बिले आम्हीच लावली होती, गोळ्यांची यादी आम्हीच काकूला वाचून दाखवली होती. शेवटचे पान आम्ही कधी उलटलेच नव्हते. त्यावर इंग्रजीत दहा-बारा ओळी होत्या : घरी गेल्यावर दिवसातून दोनदा पाच मिनिटे चालावे, रोज मिनिट-दोन मिनिटे वाढवावे, सहाव्या आठवड्यापर्यंत अर्ध्या तासावर यावे, छातीच्या हाडाला तीन महिने होईपर्यंत जड उचलू नये, आणि शेवटी, कार्डियाक रिहॅबिलिटेशनसाठी फिजिओथेरपी विभागात यावे. त्या घरात इंग्रजी वाचू शकणारे आम्हीच होतो.

त्या पानाने आम्हाला ग्रंथालयात नेले. वैद्यक हा आमचा विषय नव्हे, पण एका शब्दाचा इतिहास शोधायला वैद्य असावे लागत नाही.

प्रथम ‘आराम’. मराठीत हा शब्द दोन घरांतून आला आहे. संस्कृतात आराम म्हणजे रमण्याची जागा, उद्यान, बाग. बौद्ध संघारामातला तो आराम. फारसीत आराम म्हणजे विश्रांती, निवांतपणा. मराठीने रोजच्या वापरासाठी फारसीतला घेतला, आणि मग एक गंमत केली. ‘आराम करणे’ म्हणजे पडून राहणे, आणि ‘आराम पडणे’ म्हणजे बरे होणे. तापाला आराम पडला, दुखण्याला आराम पडला. विश्रांती हा उपाय आणि बरे होणे हे फळ, दोन्हींना भाषेने एकच नाव दिले. मग ‘आराम करा’ म्हटल्यावर माणूस पडून राहिला तर त्यात त्याचे काय चुकले? बागेचा अर्थ टिकला असता तर निदान बागेत फिरायला तरी गेला असता. असो.

पण दोष एकट्या भाषेचा नाही. वैद्यकानेही या बाबतीत दीडशे-दोनशे वर्षे उलटसुलट प्रवास केला आहे, आणि आश्चर्य असे की त्याची सुरुवात चालण्यापासून झाली आणि मग ते अंथरुणाला खिळले.

श्रमाने छातीत उठणाऱ्या आणि थांबल्यावर शमणाऱ्या कळेचे पहिले नेमके वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली तिथल्या वैद्यांच्या सभेत वाचले. ते १७७२ मध्ये छापून आले. उपचाराविषयी त्यांना फारसे सांगता आले नाही आणि तसे त्यांनी कबूलही केले. पण त्यांच्या नोंदींत एक माणूस येऊन जातो. त्याने रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरला, आणि तो जवळजवळ बरा झाला. हेबर्डन यांनी त्यावर भाष्य केलेले नाही, नुसते नोंदवले आहे. आमच्याकडे जंगलातून सरपण आणणाऱ्या, दारात लाकडे फोडणाऱ्या माणसाला कुणी रुग्ण समजत नाही आणि त्याच्या कुऱ्हाडीला कुणी औषध म्हणत नाही. त्या एका ओळीने मात्र आम्हाला बराच वेळ अडवून धरले. हृदय-पुनर्वसनाची अनेक इंग्रजी पाठ्यपुस्तके आज या अनामिक लाकूडकाप्यापासूनच सुरू होतात.

डब्लिनचे विल्यम स्टोक्स यांनी १८५४ च्या आपल्या ग्रंथात दुबळ्या हृदयाच्या काही रुग्णांना सपाटीवरून सुरू करून पायरीपायरीने वाढवत चालायला सांगितले. १८८० च्या दशकात म्युनिकचे ओर्टेल यांनी चढणीच्या वाटा आखून, कोणी किती चढायचे हे ठरवून देण्याची पद्धत काढली. म्हणजे आज जे शास्त्र म्हणून शिकवतात त्याचा गाभा एकोणिसाव्या शतकातच हाती होता. मग तो हातून का सुटला?

याचे एक कारण, आम्हाला वाटते, असे की दरम्यान वैद्यांना आजाराचे आतले रूप दिसले आणि ते घाबरले. १८६३ साली जॉन हिल्टन या इंग्रज शल्यवैद्याची विश्रांती आणि वेदना या विषयावरची व्याख्याने ग्रंथरूपात आली. मोडलेले हाड जसे हलवायचे नाही तसे दुखरे अवयवही हलवायचे नाहीत, हा विचार तिथून शिष्टसंमत झाला. १९१२ साली शिकागोचे जेम्स हेरिक यांनी दाखवून दिले की हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली म्हणजे माणूस तत्काळ मरतोच असे नाही. तो जगू शकतो, आणि जगला तर त्याला काही दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. ‘काही दिवस’ हे हेरिक यांचे माप. पुढच्या वैद्यांनी ते आठवड्यांवर नेले. १९३९ साली बोस्टनच्या मॅलरी, व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने मृत्यूनंतर तपासलेल्या ७२ हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला : मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला बहुधा पाच-सहा आठवडे लागतात. यातून सहा आठवड्यांचे अंथरूण हा जणू नियमच झाला. रुग्णाने स्वतः कूस बदलायची नाही, घास परिचारिकेने भरवायचा, शौच अंथरुणातच. घरी गेल्यावरही महिनोन् महिने जिना नाही, कामही नाही. माणूस वाचला, पण तो कामातून उठला असे समजूनच त्याचा निरोप घेतला जाई.

या पद्धतीत काही वाईट हेतू नव्हता. व्रण भरत असताना हृदय फाटेल, ही भीती खरी होती. पण हृदय वाचवताना बाकीच्या शरीराचे काय होते हे कुणी मोजत नव्हते. पडून राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होत. त्या फुप्फुसात जाऊन तो मरे, आणि मृत्यूची नोंद हृदयविकाराच्या खात्यावर पडे. ओसरीतल्या बाजेवर काय घडले असेल याचा अंदाज आम्हाला हे वाचताना येऊ लागला.

अंथरूण पहिल्यांदा हलवले ते एका खुर्चीने. बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयातले सॅम्युएल लेवीन हे तेव्हाचे नाणावलेले हृदयवैद्य. त्यांचा तर्क साधा होता : आडवे झाल्यावर पायांतले रक्त छातीकडे येते आणि दुबळ्या हृदयावरचा भार वाढतो, पाय खाली सोडून बसवले तर तो कमी होतो. त्यांच्या हाताखालचे तरुण डॉक्टर बर्नार्ड लाउन यांच्यावर त्यांनी हे काम सोपवले. रुग्णांना पहिल्या आठवड्यातच उचलून खुर्चीत बसवायचे, आणि रोज थोडे अधिक. लाउन यांनी पुढे सांगितले आहे की रुग्णालयातले इतर डॉक्टर या प्रयोगाने इतके खवळले की त्यांना पाहून नाझी पद्धतीने हात वर करून सलाम ठोकत. जणू ते माणसांवर छळाचे प्रयोग करीत होते. लाउन स्वतः लिथुआनियातून आलेले ज्यू. एक्क्याऐंशी रुग्णांचा हा अनुभव १९५१-५२ मध्ये प्रसिद्ध झाला. खुर्चीत बसल्यामुळे कुणाचे हृदय फाटले नाही. उलट रुग्णांचा धीर वाढला, घरी जाण्याची भाषा ते लवकर करू लागले. इंग्रजीत तिला ‘आर्मचेअर’ उपचार म्हणतात. मराठीत त्या खुर्चीला आपण आरामखुर्ची म्हणतो! आरामातून बाहेर पडण्याचे पहिले पाऊल आरामखुर्चीत पडावे, हा योगायोग आमच्या भाषेपुरताच आहे.

लाउन पुढे अणुयुद्धविरोधी डॉक्टरांच्या संघटनेचे एक संस्थापक झाले. त्या संघटनेला १९८५ चे शांततेचे नोबेल मिळाले. खुर्चीसाठी त्यांना कोणी काही दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

१९५३ साली लंडनचे जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांच्या मानाने जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार बराच कमी, आणि झाला तर सौम्य. दोन वर्षांनी, २४ सप्टेंबर १९५५ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये झटका आला. त्यांच्यावर देखरेख ठेवायला बोस्टनहून पॉल डडली व्हाइट गेले. व्रण भरायला लागणारे आठवडे मोजणाऱ्या १९३९ च्या अभ्यासातले व्हाइट ते हेच. पण मधल्या काळात त्यांचे मत बदलले होते. ते स्वतः सायकल चालवत आणि रुग्णांना चालायला लावत. आयझेनहॉवर यांना काही आठवड्यांत खुर्चीत बसवले, चालवले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी निवडणूक लढवून ती जिंकली. झटका आलेला माणूस देश चालवू शकतो हे जगाने वर्तमानपत्रात वाचले. शेत चालवू शकतो, ही बातमी मात्र अजून आमच्या ओसरीपर्यंत यायची होती.

अंथरुणाचे खरे मोजमाप १९६६ साली टेक्सासमधल्या डॅलस इथे झाले. बेंग्ट साल्टिन आणि सहकाऱ्यांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पाठीवर झोपवून ठेवले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता त्या एकवीस दिवसांत एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशी गाठलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता हरवली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने हरवली होती! निरोगी विशीतल्यांची ही गत. एकसष्टीतल्या, छातीचे हाड कापून पुन्हा तारेने बांधलेल्या माणसाने नऊ महिने पडून राहिल्यावर काय उरेल? हे वाचले त्या संध्याकाळी आम्ही दोघांनीही पुढे वाचले नाही.

बाकीचा इतिहास झपाट्याचा आहे. १९६४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने हृदयरुग्णांच्या पुनर्वसनावर अहवाल काढला. टोरांटोच्या टेरेन्स कॅव्हनॉ यांच्या देखरेखीखाली तयार झालेले काही हृदयरुग्ण १९७३ ची बोस्टन मॅरेथॉन पुरी धावले. स्वीडनचे गुन्नर बोर्ग यांनी ६ पासून २० पर्यंतची, श्रम किती जाणवतात ते रुग्णानेच सांगण्याची मोजपट्टी दिली. याहून सोपी कसोटी बोलण्याची : चालताना बोलता आले पाहिजे, वाक्य तुटू लागले तर वेग कमी करावा, आणि छाती भरून आली, घेरी आली तर थांबून डॉक्टरकडे जावे. चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष काढले तेव्हा व्यायामाधारित पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात असे दिसले. एखाद्या गोळीने हे साधले असते तर तिची जाहिरात गोंदियाच्या स्टेशनावर लागली असती.

आता पुन्हा आपल्या मुलखात. मराठीत हृदयविकारातून उठण्याची सगळ्यांत गाजलेली कहाणी पुण्या-मुंबईत घडलेली नाही, ती आमच्या शेजारी घडली. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी अर्जुनी मोरगाव ओलांडून वडशाला पोचली की गडचिरोली जिल्हा लागतो. तीच झाडीपट्टी, तेच तलाव, तोच धान. तिथे ‘सर्च’ ही संस्था चालवणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराने गाठले. त्यातून उभे राहण्याची हकीकत त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात लिहिली. राजहंस प्रकाशनाने काढलेले हे पुस्तक मराठी घरांत ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवलेले आम्ही पाहिले आहे. आहारातली चरबी तोडणे, रोजचे चालणे, योग, ध्यान हा त्यांचा क्रम मुख्यतः अमेरिकेतले डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या पद्धतीवर बेतलेला होता. ऑर्निश यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले होते की अशा कडक दिनचर्येने एका वर्षात हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे थोडे मागे हटू शकतात. चाचणी लहान होती, ४८ जणांची, आणि तो पथ्याचा आहार पाळणे सोपे नाही, हे आक्षेप रास्त आहेत. पण ऑर्निश योग शिकले ते स्वामी सच्चिदानंदांकडून. म्हणजे आसने दक्षिण भारतातून अमेरिकेला गेली आणि शास्त्राची मुद्रा उमटवून घेऊन गडचिरोलीला परतली. ज्ञानाचे असे प्रवास घडतात, त्यात खट्टू होण्यासारखे काही नाही.

या पुस्तकाविषयी समीक्षक म्हणून एक बोलावेसे वाटते. मराठी मध्यमवर्गाने ते आत्मशोधाची कथा म्हणून वाचले. शीर्षकातला ‘साक्षात्कारी’ हा शब्दच तसा ओढून नेतो. लोक मृत्यूच्या दर्शनाविषयी, धावपळीच्या जगण्याविषयी बोलत राहिले. त्यात चूक काही नाही. लेखकाने ते मनापासून लिहिले आहे. पण आमच्या लेखी त्या पुस्तकाचे मोल त्यातल्या रोजच्या हिशेबात अधिक आहे : काय खाल्ले, किती चाललो, मन कशाने उडाले. मराठीत हृदय-पुनर्वसनाचे पहिले लोकप्रिय पाठ्यपुस्तक म्हणून ते वाचले गेले असते तर कदाचित त्याची शेवटची पाने फाइलीतल्या शेवटच्या पानांना जाऊन मिळाली असती. ते पुस्तक आमच्या कपाटात होते. आम्ही त्यातल्या आत्मकथनाच्या रूपबंधावर एम.ए.च्या वर्गात व्याख्यान दिले होते. त्याच दिवसांत काका बाजेवर होते.

शिवाय एक मोठा फरक आहे. डॉक्टरला, प्राध्यापकाला व्यायाम ही नवी गोष्ट म्हणून शिकवता येते. ज्याने जन्मभर पऱ्हे उपटले, बांध्यांत वाकून रोवले, पोती वाहिली, त्याच्या श्रमाला आजवर कोणी व्यायाम म्हटलेले नसते. त्याच्या दृष्टीने शरीराचे दोनच भाग : कामाचे आणि पडण्याचे. मोठे ‘आपरेशन’ झाले म्हणजे काम संपले. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे आज पाच मिनिटे, उद्या सहा, ही त्याच्या जगण्यात नाहीच. छापील सूचनांत ‘दोन जिने दम न लागता चढता आले की’ अशी कसोटी असते. काकांच्या गावात त्या वेळी जिना असलेले घर शोधावे लागले असते. तलावाची पाळ मात्र प्रत्येक गावाला आहे. कोहळ्यांनी बांधलेल्या जुन्या तलावांच्या पाळी सपाट, लांब, झाडांच्या सावलीतल्या. स्टोक्सची सपाटी आणि ओर्टेलची चढण दोन्ही तिथे मिळाली असती. (बाईमाणसाचा प्रकार आणखी वेगळा. काकूला हे दुखणे झाले असते तर ती पंधराव्या दिवशी पाण्याला गेली असती, आणि त्याला कोणी पुनर्वसन म्हटले नसते. अतिरेकाने ती कोसळली असती तर नशीब म्हटले असते.) खर्रा ही तर आमच्या भागाची स्वतंत्र अडचण. सिगारेट सोडा असे लिहिलेल्या कागदाचा सुपारी-तंबाखू-चुन्याशी काही संबंध आहे असे खाणाऱ्याला वाटतच नाही. गडचिरोलीत २०१६ पासून दारू-तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ चालू झाला तो याच जाणिवेतून. काका बाजेवर पडूनही खर्रा खात होते. छातीच्या दुखण्याचा आणि तोंडातल्या गोष्टीचा संबंध त्यांना कोणी सांगितला नव्हता, आम्हीही नाही.

यंत्रांशिवाय, मोठ्या रुग्णालयाशिवाय हे जमेल का, याचे एक भारतीय उत्तर २०२० साली आले. डॉ. दोरैराज प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी देशातल्या २४ रुग्णालयांतल्या जवळजवळ चार हजार हृदयरुग्णांवर योगावर आधारलेल्या पुनर्वसनाची चाचणी घेतली. मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके यांत ठळक फरक सिद्ध झाला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण योगाच्या नावावर काहीही खपवण्याची आपल्याकडे घाई असते. पण योगाच्या गटातल्या रुग्णांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली, आणि आजारापूर्वीची कामे ते अधिक प्रमाणात करू लागले. ‘वसला का’ या प्रश्नाचे उत्तर याहून जवळचे कुठे मिळणार? जगात २०१९ च्या सुमारास केलेल्या पाहणीत २०३ देशांपैकी १११ देशांतच हृदय-पुनर्वसनाची काही सोय आढळली. म्हणजे शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी पुढे गेली आहे आणि तिच्यानंतरचे तीन महिने ज्याच्या त्याच्या ओसरीवर सोपवले आहेत.

गोंदियाला २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. २०२३ मध्ये आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आम्ही त्यांची फाइल शेवटच्या पानापासून वाचायला घेतली, डॉक्टरांना प्रश्न विचारले, आणि ते पान मराठीत उतरवायला बसलो. तिथे अडलो. इंग्रजीत ‘ग्रॅज्युअल’ चालणे होते. ‘हळूहळू चाला’ असे लिहिले तर मराठी माणूस मंद गतीने चालेल आणि रोज तेवढेच चालेल. ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द वर्गात ठीक. शेवटी लिहिले : ‘काल चाललात त्याहून आज थोडे जास्त.’ सर रोज सकाळी तलावाच्या पाळीवर येतात. आमच्यापैकी कोणीतरी सोबत असतो. त्यांच्याकडे शंभर पानी वही आहे. तारीख, मिनिटे, आणि तिसरा रकाना बोलता आले की नाही याचा. पहिल्या पानावर ७ मिनिटे आहेत. परवा ४२ होती, आणि तिसऱ्या रकान्यात त्यांनी लिहिले होते : जिल्हा निर्मितीवर वाद घातला.

ते मराठी पान आम्ही काकूलाही वाचून दाखवले. का दाखवले ते नीट सांगता येत नाही. लपवून ठेवणे अधिक वाईट वाटले. तिने पूर्ण ऐकले. मग विचारले, “एवढंच लिवलं होतं?” आम्ही हो म्हटले. पाळ किती दूर आहे हे तिला माहीत होतेच, तरी तिने ओसरीतून एकदा तिकडे पाहिले, आणि फाइल आमच्या हातून घेऊन पुन्हा पेटीत ठेवली.